शुकज्वराची कथा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्या सरांच्या हाताखाली मी याच शाळेत चार वर्षे विज्ञान शिकलो. 'पोपटपंची' हा त्यांच्या शब्दकोशातला सर्वांत कठोर शब्द होता. एखाद्याने उत्तर घडाघडा म्हणून दाखविले की ते चष्म्यावरून पाहत आणि एवढेच विचारीत, "हे तुला कसे कळले?" पुढे वैद्यकीचा व्यवसाय करताना, विशेषतः छातीच्या विकारांचे रुग्ण तपासताना, हा प्रश्न मला फार उपयोगी पडला. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी असा एक रोग निवडला आहे, की ज्याचे नावच पोपटावरून पडले, आणि ज्याचे खरे कारण कळण्यास वैद्यकशास्त्राला पन्नास वर्षे लागली. वैद्यकात त्याला 'सिटॅकोसिस' म्हणतात. पोपटाला ग्रीक भाषेत 'सिटाकोस' असा शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. मी त्याला सोयीसाठी शुकज्वर म्हणेन.

विषय जाहीर झाल्यावर संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, की हैदराबादच्या मराठी माणसाला या परदेशी दुखण्याशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. पोपटाविषयी आपल्या मनात संशय असा कधी नव्हताच. संस्कृतातील शुकसप्ततीचा पोपट मराठीत शुकबहात्तरीत आला. त्याच कथापरंपरेतील फारसी तूतीनाम्यावरून गोवळकोंड्याच्या दरबारातील कवी गव्वासी याने सतराव्या शतकात दखनीत काव्य रचले. म्हणजे ज्या भूमीवर आपण बसलो आहोत, तेथे पोपट हा शहाणपण सांगणारा, घरातली अब्रू राखणारा प्राणी ठरलेला. आपल्या आजोळच्या पडवीत टांगलेला राघूचा पिंजरा कोणाला आठवत नाही? मिरची कोण देणार यावरून भांडणे होत. त्या पिंजऱ्यापासून माणसाला न्युमोनिया होऊ शकतो, हे आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आले असेल?

कथेचा आरंभ स्वित्झर्लंडमध्ये होतो. १८७९ साली झुरिकजवळच्या उस्टर गावी याकोब रिटर नावाच्या वैद्याने आपल्या भावाच्याच घरात एक चमत्कारिक साथ पाहिली. सात माणसे आजारी पडली, तिघे दगावली. लक्षणे विषमज्वराची, पण जोडीला फुप्फुसाचा दाह. त्याने रोगाला 'न्युमोटायफस' असे जोडनाव दिले आणि घरात नुकत्याच आणलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्यांकडे बोट दाखविले. त्यांत पोपटही होते. सूक्ष्मदर्शकाखाली दाखविण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते. होती ती केवळ कोण कोठे बसले, कोणी पिंजऱ्याजवळ काम केले, याची बारकाईने केलेली नोंद.

त्यानंतर १८९२ साली पॅरिस. ब्युनोस आयर्सहून दोन व्यापाऱ्यांनी सुमारे पाचशे पोपट जहाजावर चढविले. त्यांतले बरेचसे वाटेतच मेले. उरलेले विकले गेले आणि पॅरिसमध्ये पन्नासच्या आसपास माणसे अंथरुणास खिळली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू पावली. एडमाँ नोकार हा पाश्चरच्या परंपरेतला मोठा पशुवैद्य. प्रवासात मेलेल्या पोपटांचे वाळलेले पंख त्याच्याकडे आले, त्यांच्या हाडांतील मज्जेतून त्याने एक जंतू वाढविला आणि हेच रोगाचे कारण असे जाहीर केले. तो जंतू विषमज्वराच्या जंतूच्या कुळातला होता, लक्षणेही विषमज्वरासारखी. तेव्हा सारे जुळून आले असे वाटले. वस्तुतः तो जंतू पक्ष्याच्या शरीरात असलेला एक वेगळाच रहिवासी होता. परंतु नोकारचे नाव मोठे. तीन दशकांहून अधिक काळ ग्रंथाग्रंथांतून तेच उत्तर छापले गेले. पोपटपंची केवळ विद्यार्थीच करतात असे नाही.

या चुकीचा हिशेब १९२९ आणि १९३० या वर्षांत चुकवावा लागला. १९२९ साली अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्स व कोर्डोबा या शहरांत, पोपटांच्या विक्रीपाठोपाठ साथ उद्भवली. एका नाटक मंडळीतील नटही तीत सापडले, म्हणून वृत्तपत्रांना तिच्यात रस वाटला. पोपट लांब पल्ल्याच्या जहाजांवरून युरोप व अमेरिकेत जातच होते. खलाशी बंदरात स्वस्तात पक्षी घेत आणि उतरल्यावर विकत. त्या वर्षीच्या नाताळात अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ॲनापोलिस येथील एका गृहस्थाने पत्नीला भेट म्हणून पोपट घेतला. नाताळ येईपर्यंत पोपट मेला होता, आणि जानेवारीच्या आरंभी घरातील माणसे तापाने फणफणली. वैद्याला काहीच उमगेना. त्याच्या पत्नीने मात्र अर्जेंटिनातील पोपटांच्या तापाविषयी वर्तमानपत्रात आलेला मजकूर वाचला होता, तो तिला आठवला. वैद्याने वॉशिंग्टनच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे तार केली. एका महाभयंकर साथीचे निदान रविवारच्या पुरवणीवरून व्हावे, हा योग वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

वॉशिंग्टनच्या हायजीनिक लॅबोरेटरीत चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन यांच्याकडे काम सोपविण्यात आले. तळघरातील दोन लहान खोल्या, काही आजारी पोपट, दारावर जंतुनाशकात भिजविलेले पडदे, हातांत रबरी मोजे, एवढीच सिद्धता. अँडरसन यांना सारे जण 'शॉर्टी' म्हणत. पिंजरे साफ करणे, पक्षी धरणे, ही कामे त्यांची. जानेवारी संपता संपता त्यांना ताप आला आणि ८ फेब्रुवारी १९३० रोजी ते गेले. त्याच महिन्यात बाल्टिमोरचे जंतुशास्त्रज्ञ विल्यम रॉयल स्टोक्स हेही याच कामात असताना याच रोगाने मृत्यू पावले. पाठोपाठ आर्मस्ट्राँग पडले. संचालक जॉर्ज मॅकॉय यांनी या रोगातून उठलेल्या एका रुग्णाचे रक्त मिळवून त्याचा रक्तरस आर्मस्ट्राँग यांना टोचला. ते वाचले, रक्तरसाने वाचले की आपोआप, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही.

यापुढचा प्रसंग पॉल द क्रुइफ यांनी १९३२ च्या आपल्या 'मेन अगेन्स्ट डेथ' या पुस्तकात रंगविला आहे. त्यांच्या लेखणीला नाट्याचा सोस असे, म्हणून मी रंग वगळून सांगतो. मार्चमध्ये त्या इमारतीतील अशी माणसे आजारी पडू लागली, की ज्यांनी पोपटांच्या खोलीत पाऊलही ठेवले नव्हते. वरच्या मजल्यावर कारकुनी करणारा माणूस तळघरातल्या पक्ष्याच्या रोगाने पडावा, याचा अर्थ रोग हवेतून, धुळीवाटे जात होता. मॅकॉय यांनी इमारत रिकामी करविली. मग एकटे आत जाऊन त्यांनी प्रयोगाचे सर्व प्राणी व पक्षी मारले, जाळले, पिंजरे धुतले, आणि अखेरीस इमारतीत विषारी वायू सोडण्यात आला. मॅकॉय यांना काही झाले नाही.

२४ जानेवारी १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली होती. अमेरिकेत त्या हंगामात १६९ रुग्ण नोंदले गेले व ३३ मृत्यू झाले. जगभर मिळून रुग्णांची संख्या आठशेच्या घरात गेली. इन्फ्लुएन्झाच्या १९१८ च्या साथीपुढे ही संख्या क्षुल्लक आहे. तरीही लोकांनी धसका घेतला तो फार मोठा. निरोगी पाळीव पोपटांच्या माना मुरगाळल्या गेल्या, कित्येक रस्त्यावर सोडले गेले. काही दिवसांतच त्याच धसक्याची टिंगलही सुरू झाली. आधी घबराट, मग थट्टा, आणि मग विस्मृती, हा क्रम आपण आपल्या काळातही पाहिला आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या कायद्याने हायजीनिक लॅबोरेटरीचे 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ' झाले. आज जगभर ख्यातनाम असलेल्या या संस्थेच्या जन्मकाळी अँडरसन यांच्या मृत्यूची वार्ता ताजी होती.

आता कारणाकडे येतो. १९३० मध्येच लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रोगाचे कारण सामान्य जंतूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही आरपार जाते. म्हणजे नोकारचा जंतू बाद. पण मग हा विषाणू मानावा काय? तसाच तो तीस-पस्तीस वर्षे मानला गेला, कारण तो केवळ जिवंत पेशीतच वाढत असे. परंतु तो विषाणूसारखा वागत नव्हता. त्याच्या वाढीत दोन अवस्था दिसत. एक लहान, कठीण, बी-बियाण्यासारखी. ती वाळलेल्या विष्ठेत महिनोन्‌महिने तग धरते आणि श्वासावाटे आत शिरते. दुसरी मोठी, नाजूक. ती पेशीच्या आत दुभागत दुभागत वाढते आणि पुन्हा बियाण्यांत रूपांतरित होते. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व जीवरसायनशास्त्र यांनी निकाल दिला की हा जंतूच आहे, बॅक्टेरियाच आहे. मात्र पेशीच्या आत राहण्याची सवय जडलेला परोपजीवी. त्याच्या कुळाचे नाव 'क्लॅमिडिया'. ग्रीक भाषेत 'क्लॅमिस' म्हणजे अंगरखा. पेशीतील केंद्रकावर घातलेल्या अंगरख्यासारखे ते दिसतात म्हणून.

याच कुळातील एक जंतू आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. खुपऱ्या. ज्या रोगाने आपल्या खेड्यापाड्यांतील असंख्य माणसांची दृष्टी हिरावली, त्या खुपऱ्यांचे कारण याच शुकज्वराच्या जंतूचे भावंड होय. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक या दोघांनी ओरांगउटानच्या डोळ्यांत खुपऱ्या उत्पन्न करून ते पेशीतील ठिपके प्रथम पाहिले होते. एकाने डोळा धरला, दुसऱ्याने फुप्फुस.

मला स्वतःला या कथेतील सर्वांत विचारप्रवर्तक भाग पुढेच वाटतो. आयात बंद केली की रोग थांबेल, अशी समजूत होती. पण सान फ्रान्सिस्कोत कार्ल मायर यांनी दाखवून दिले की रोग कॅलिफोर्नियातच, घरांच्या परसदारी मुरला आहे. मंदीचे दिवस होते. चार पैसे मिळावेत म्हणून असंख्य कुटुंबे मागील दारी लहान पोपट, म्हणजे बजरीगर, वाढवून विकत होती. ज्यांना आपल्या बाजारात 'लव्हबर्ड्स' म्हणून विकतात तेच हे बहुधा. खरे लव्हबर्ड निराळे, आफ्रिकेतले. बजरीगरची मायभूमी ऑस्ट्रेलिया. म्हणून मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी रानातील पोपट तपासले, आणि १९३५ साली जाहीर केले की रानपोपटांतही हा जंतू सर्वत्र आहे. पिलांना घरट्यातच लागण होते, बहुतेक सुखरूप वाढतात आणि जंतू अंगात बाळगून नांदतात. मग ते आजारी केव्हा पडतात? धरले म्हणजे. पन्नास पक्षी एका खोक्यात कोंबले, अन्नपाणी तुटले, थंडी लागली, की शरीरातला सुप्त जंतू उसळतो आणि विष्ठेतून, नाकाच्या स्रावातून बाहेर पडू लागतो. ब्युनोस आयर्सहून निघालेल्या जहाजांवर जे घडले त्याचा हा उलगडा. रोग पोपटाचा खरा, पण साथ व्यापाराची. बर्नेट यांना पुढे १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते निराळ्या संशोधनासाठी.

पोपट हे नावही अपुरे ठरले. कबुतरे, बदके, टर्की या पक्ष्यांपासूनही लागण होते असे आढळले. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९३० च्या दशकात समुद्रपक्ष्यांची पिले सोलून मिठात घालणाऱ्या बायकांना हा रोग झाला. गर्भवतींमध्ये मृत्यू विशेष झाले. जहाजांवरून समुद्रात फेकलेले मेलेले पोपट त्या पक्ष्यांनी खाल्ले असावेत, असाही एक तर्क आहे; तर्कच म्हणतो, कारण ते कोणी पाहिलेले नाही. पक्ष्यांखेरीज इतर प्राणीही सुटत नाहीत. २०१४ साली ऑस्ट्रेलियात एका घोडीची वार हाताळल्यानंतर पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना शुकज्वर झाला. पक्ष्याकडून घोडीला आणि घोडीकडून माणसाला, असा तो प्रवास.

उपचाराच्या संदर्भात आपल्या शेजारच्या एका थोर माणसाचे नाव घेणे मला कर्तव्य वाटते. पेनिसिलिनच्या वर्गातील औषधांवर या रोगात विसंबता येत नाही. खरा उतारा मिळाला तो १९४८ साली, ऑरिओमायसिनच्या रूपाने. मिसुरीतील मातीच्या नमुन्यातून ते बेंजामिन डग्गर यांनी शोधले, आणि ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते शोधले गेले तिचे संशोधन संचालक होते आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. टेट्रासायक्लिन गटातील औषधांचा हा आरंभ. आज वापरले जाणारे डॉक्सिसायक्लिन त्याच घराण्यातले. पूर्वी शंभरांतील पंधरा-वीस रुग्ण दगावत. वेळेवर योग्य औषध दिले तर आज शंभरांत एकही सहसा जात नाही. हा फरक पूर्णतः एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे निदान सुचणे. आणि ते सुचत नाही, कारण लक्षणांत वेगळेपण नाही. लागणीनंतर साधारणतः पाच ते चौदा दिवसांनी ताप, विलक्षण डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला. कधी कधी तापाच्या मानाने नाडी मंद चालते. छाती ऐकून फारसे काही कळत नाही, पण क्ष-किरण चित्रात न्युमोनिया उमटलेला असतो.

माझ्या व्यवसायातील एक रुग्ण सांगतो. चारमिनारजवळ मुर्गी चौकात पक्ष्यांचा जुना बाजार आहे. त्या भागातील एक तरुण आठवडाभर पेनिसिलिन-वर्गीय औषधे घेऊनही तापाने तळमळत माझ्याकडे आला. डोके फुटते आहे, एवढेच तो म्हणे. व्यवसाय विचारला. 'परिंदों का काम' असे उत्तर आले. मी विचारले, माल केव्हा आला? दोन आठवड्यांपूर्वी, आणि खोक्यातले निम्मे पक्षी मेलेले निघाले. ती खोकी त्यानेच झटकली होती. मी डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि दोन दिवसांत ताप उतरला. आता हा शुकज्वरच होता काय? सर असते तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलेच असते. जंतूची खात्रीशीर तपासणी त्या वेळी मला उपलब्ध नव्हती, आणि त्याच औषधाने बरे होणारे इतर न्युमोनियाही आहेत. म्हणून माझ्या वहीत मी 'संभाव्य' असाच शेरा लिहिला. पण प्रश्न विचारला नसता तर औषध बदलले नसते, हे निश्चित. आपल्या देशात हा रोग क्वचित नोंदला जातो. तो दुर्मीळ आहे म्हणून नोंदला जात नाही, की शोधला जात नाही म्हणून दुर्मीळ दिसतो? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. न्युमोनियाच्या रुग्णाला 'विडी ओढता का' हे आपण विचारतो. 'घरी, दुकानात, गच्चीवर पक्षी आहेत का' हे विचारण्यास किती क्षण लागतात?

गच्चीवरच्या कबुतरांचा विषय निघालाच आहे, तर एक गल्लत दूर करतो. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबूतरखान्यावरून मोठा वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि आपल्याकडेही घरोघरी चर्चा झाली. कबुतरांच्या सान्निध्याने फुप्फुसाचा जो चिवट विकार होतो तो बहुधा निराळाच असतो. तो जंतूंमुळे होत नाही. विष्ठेतील व पिसांतील प्रथिनांविरुद्ध शरीर जे अतिरेकी प्रत्युत्तर देते, त्यामुळे तो होतो. वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुप्फुस घट्ट, व्रणयुक्त होत जाते आणि त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. शुकज्वर झटक्याने येतो व औषधाने जातो. हा हळूहळू येतो व पुष्कळदा जात नाही. दोन्हींची वाट मात्र एकच, कोरडी धूळ.

युरोपातही हा रोग अद्याप ओसरलेला नाही. २०२३ च्या अखेरीपासून २०२४ च्या आरंभापर्यंत ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन व नेदरलँड्स या देशांत रुग्ण नेहमीपेक्षा वाढले. एकूण पाच मृत्यू झाले, त्यांपैकी चार डेन्मार्कमधील. तेथील पुष्कळ रुग्णांनी घरी पक्षी पाळलेलेच नव्हते; रानपक्ष्यांशी आलेला संपर्क, विशेषतः हिवाळ्यात अंगणात दाणे ठेवण्याची तेथील पद्धत, याकडे तज्ज्ञांचे लक्ष गेले.

आता आपल्या अंगणाविषयी. प्राथमिक विभागात बजरीगरांचा एक पिंजरा आहे आणि तो काढून टाकावा, अशी मागणी पालकसभेत झाली असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले व मत विचारले. ते येथे सर्वांसमक्ष देतो. आहेत ते पक्षी ठेवावेत. वर्षानुवर्षे एकत्र, मोकळ्या हवेत नांदणाऱ्या सहा पक्ष्यांपासूनचा धोका थोडा आहे. मात्र बाजारातून नवे पक्षी आणू नयेत. नव्याच पक्ष्यांबरोबर रोग येतो, आणि निदान महिना-दीड महिना वेगळे ठेवण्याची सोय शाळेत नाही. पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलावा. बदलण्यापूर्वी तो पाण्याने ओला करावा. झाडू मारू नये. हे काम सेवकाने तोंडाला मुखपट्टी बांधून करावे, मुलांनी नव्हे, आणि गर्भवती शिक्षिकांनी तर नव्हेच. एखादा पक्षी पिसे फुलवून गप्प बसला, नाक-डोळे वाहू लागले किंवा विष्ठा हिरवी-पातळ झाली, तर पशुवैद्याला दाखवावा. त्याला रात्रीतून गुपचूप सोडून देऊ नये.

आणि ज्यांच्या घरी कंठवाला, पहाडी किंवा तुईया पोपट असेल, त्यांना एवढेच सांगतो की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट बाळगणे हा गुन्हा आहे, आणि देशी पक्ष्यांचा व्यापार तर १९९०-९१ पासून सर्वस्वी निषिद्ध आहे. तरीही घरट्यातून काढलेली पिले टोपल्यांत दाटीने भरून बाजारात येतात. बर्नेट यांनी सांगितलेली कोंडी, उपासमार, थंडी, सारे त्या टोपलीत असते. विकत घेणारा नसेल तर ती टोपली भरली जाणार नाही. ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी आहे त्यांनीही तो खिडकीतून उडवू नये. पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर जगत नाही. वनखात्याशी बोलावे.

वेळेची घंटा झाली आहे असे अध्यक्ष सुचवीत आहेत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी चिठ्ठ्यांवर काही प्रश्न लिहून पाठविले आहेत, त्यांची उत्तरे मी व्यासपीठावरून खाली उतरून देतो.